घुग्घुसच्या स्प्रिंगा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवले. घुग्घुसच्या भंगाराच्या आवारात, भर दुपारी, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून फसवले, आणि तेही एक शब्द खोटा न बोलता. खरे म्हणजे एक शब्दही न बोलता.

आमच्याकडे जवायाला शिवी देता येत नाही. सख्ख्या भावाला देता येते, शेजाऱ्याला देता येते, स्वतःच्या नशिबाला तर रोजच देतो. जवाई दारात आला की आधी पाय धुवायला पाणी, मग पाट, मग कोंबडा. म्हणून इतके दिवस मी त्याला वाकडा शब्द बोललेलो नाही. शिवाय हा विषय त्याच्यासमोर काढायचा नाही अशी आईने मला शपथ घातली आहे. काढायचा नाही म्हणजे बोलायचा नाही. लिहायचा नाही असे काही ती म्हणालेली नाही.

फसवणूक केवढी मोठी आहे हे कळण्यासाठी फसलेला माणूस कोण ते सांगायला हवे. सिंदेवाही तालुक्यात माझी मुरमुऱ्याची भट्टी आहे. सुरुवात सायकलवर झाली. मागे माझ्याएवढे उंच पोते बांधून मी मूल, सावली, नवरगाव असे आठवडी बाजार फिरायचो. समोरून वारा सुटला की मी पोते नेतो आहे की पोते मला, ते कळत नसे. वडील लवकर गेले, शाळा अर्धवट सुटली, आणि जे काही शिकलो ते बाजारात शिकलो. मुरमुरे आम्ही मापाने विकतो. माप भरताना हात उंच धरायचा, मुरमुरे अलगद सोडायचे आणि माप अजिबात हलवायचे नाही, कारण हलवले की मुरमुरे खाली बसतात. धान घेताना मात्र काटा लावायचा आणि काट्यावरून नजर हलवायची नाही. विकताना हलके, घेताना वजनदार. या एका वाक्यावर माझे पक्के घर उभे आहे.

भाव करण्याचे माझे काही नियम आहेत. वस्तू आवडली तर तोंड कडू करायचे. ऐन वेळी उठून निघायचे, पण हाक ऐकू येईल इतक्याच वेगाने. भाव ठरला की वर काहीतरी मागायचे. भाजीवर कोथिंबीर असते, तशी प्रत्येक धंद्यात काही ना काही कोथिंबीर असतेच. आणि सर्वांत मोठा नियम असा की भाव चालू असताना सोबतच्या माणसाने तोंड उघडायचे नाही. हा नियम माझ्या बायकोमुळे झाला. लग्नानंतर आम्ही एका जत्रेत तांब्याची घागर घ्यायला गेलो होतो. घागरीला पोच आहे, बूड तिरपे आहे, पाणी हिरवे पडेल, असे सांगून मी दुकानदाराला रडकुंडीला आणले होते, आणि तेवढ्यात ही मागून म्हणाली, “अगोबाई, किती झकास घागर हाय वो!” त्यानंतर तो माणूस एक पैसाही खाली आला नाही. ती घागर अजून घरात आहे आणि तिच्यातले पाणी मला आजही महाग लागते.

जवायालाही हा नियम मीच शिकवला. एकदा पलंग घ्यायला तो सोबत आला. मी लाकडाला आंब्याचे, सालईचे, काय काय म्हणत होतो, आणि हा मध्येच म्हणाला, “भाऊ, सागवानच हाय जी हे.” दुसरा कोणी असता तर मी त्याला त्याच पलंगाखाली घातले असते. जवाई म्हणून परतीच्या रस्त्यात गोड आवाजात समजावले.

“जवाईबापू, भाव चालू असला का आपन बोलाचं नाई. लयच बोलावंसं वाटलं तर खर्रा घालाचा तोंडात. खर्रा घातला का मानूस आपोआप गप रायते.”

“बरं जी,” तो म्हणाला.

तो ‘बरं जी’ म्हणाला की ती गोष्ट दगडावर कोरली जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तो घुग्घुसकडच्या सिमेंट कारखान्यात पाळीने कामाला आहे. देह असा की दारातून आधी पोट येते आणि मग जवाई येतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात कायम असल्यामुळे बोलणे कमी. हप्त्याने घेतलेली पांढरी नवी गाडी आहे. थंड हवेची, आणि चालताना आवाज न करणारी, अगदी मालकासारखी.

आता माझ्या गाडीविषयी. ब्रह्मपुरीच्या एका मास्तरांकडून मी ती घेतली तेव्हा तिला दोन मालक होऊन गेले होते. छोटी गाडी, पण माझी. मुरमुऱ्यांनी कोणत्याच गाडीचे काही बिघडत नाही, पण परत येताना रिकामे कशाला यायचे म्हणून मी मागे धानाची पोती टाकून आणत असे. त्याने मागचे शॉकप, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, गेले, तेल गळून गेले, आणि एका स्प्रिंगचे टोकही तुटले. गाडी खड्ड्यात गेली की मागचा माणूस आधी छताला आणि मग सीटला लागायचा.

मी पुढे बसायचो, त्यामुळे मला ते फारसे जाणवत नव्हते. जाणवले आईला. तिला डोळे तपासायला चंद्रपूरला नेले होते. परत आल्यावर ती उतरली, कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तुह्या गाडीत बसल्यापरीस खासर बरं गा. खासराचे बैल तरी रस्ता पाहून चालते.”

खासर म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. एवढ्यावर ती थांबली असती तर मी हसून सोडले असते. पण ती पुढे म्हणाली, “औंदा शिवरात्रीले मी जवायाच्या गाडीत जाईन मार्कंड्याले. त्याइची गाडी पान्यासारखी चालते.”

हे मला लागले. का लागले ते सांगतो. मी सायकलवर पोती वाहत होतो त्या वर्षांत आई शिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला जायची ती दुसऱ्यांच्या खासरात. खासर दुसऱ्याचे, म्हणून जागा शेवटची. पाय बाहेर लोंबकळत, तोंड मागे. सगळे पुढे बघत देवाकडे जायचे आणि माझी आई गाव लांब जाताना बघत देवाकडे जायची. एकदा मी सायकलवरून त्या खासराच्या मागून येत होतो आणि ती मला बघून हसली. त्या दिवशी मी मनात म्हटले होते की माय, एक दिवस तू माझ्या गाडीतून जाशील. आता गाडी दारात होती आणि माय जवायाच्या गाडीतून जाणार होती.

दुसऱ्या दिवशी मी मूलच्या एका गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीने डिकीवर हात दाबून सोडला. गाडी आल्या-गेल्याला नमस्कार करावा तशी बराच वेळ खालीवर होत राहिली. मग त्याने खर्च सांगितला.

“मले शॉकप बदलवाचे हायेत,” मी म्हणालो, “गाडी नाई बदलवाची.”

“मंग घरीच बदलवून घ्या न भाऊ,” तो म्हणाला. “काई नाई, चार नट तं असते.”

तो टोमणा होता. पण मी त्यातला टोमणा बाजूला काढला आणि चार नट घेऊन घरी आलो. भट्टीचा पंखा मी दुरुस्त करतो, चाळणीची मोटर मी खोलतो, बोअरचा पंप मी वर काढतो. मग दोन शॉकप आणि दोन स्प्रिंगा काय मोठ्या? फोनवर एका माणसाने हसत हसत हेच काम करून दाखवलेलेही मी पाहिले. त्याचे अंगण सिमेंटचे होते, एवढे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

शॉकप जुने घेऊ नयेत एवढे मला कळते. ते चंद्रपूरहून नवे आणले. दुकानदार शेवटी माझ्याशी बोलेनासा झाला तेव्हा भाव जमला. स्प्रिंग मात्र काय, लोखंडच. लोखंड जुने झाले म्हणून आंबत नाही. जवाई म्हणाला, “घुग्घुसले एक भंगारवाला हाय वळखीचा. चाला माह्या गाडीत.” आपल्या गाडीचे सामान आणायला त्याच्या गाडीत बसून जायचे, हेही मी गिळले.

घुग्घुसला कोळशाची धूळ माणसाचा रंग न विचारता सगळ्यांना एकाच रंगाचे करते. भंगारवाला टिनाच्या शेडखाली बसला होता. माझ्या गाडीचे नाव सांगितल्यावर त्याने ढिगातून दोन स्प्रिंगा काढून दिल्या. बारीक, साध्या. मी त्यांना हातही न लावता तोंड कडू केले. तेवढ्यात मला कोपऱ्यात दुसरी जोडी दिसली. बोटभर जाड तार, काळी, भरदार. एखाद्या पैलवानाच्या मनगटासारखी.

“ते कोनते?”

“ते बी बसते तुमच्या गाडीले,” भंगारवाला म्हणाला. “पन कसं हाय भाऊ…”

धंदेवाल्याचा ‘पण’ मी जन्मभर ऐकत आलो आहे. ‘पण’ आला की मागून भाव चढतो. मी तो तिथेच कापला.

“पन-बिन नोको सांगू. बसते का नाई, तेवढं बोल.”

“बसते.”

“मंग दोन्ही जोड्या काट्यावर टाक.”

त्याने माझ्याकडे बघितले. “स्प्रिंग कोनी वजनावर घेते का जी? वांगे हायेत का हे?”

“टाक तं खरं.”

त्याने टाकल्या. जाड जोडी चांगलीच वजनदार भरली. याच वेळी जवायाने तोंड उघडले. “भाऊ…” एवढेच तो म्हणाला. मी वळून त्याच्याकडे पाहिले. शिवी देता येत नाही, पण पाहता तर येते. त्याने खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली, चिमूट तोंडात टाकली आणि शेडच्या पत्र्याकडे पाहू लागला.

मग मी भाव केला. तो सगळा इथे सांगत नाही, पण त्या शेडखालची दोन कुत्री उठून दूर जाऊन झोपली. मी एकदा निघून फाटकापर्यंत गेलो आणि हाकेवर परत आलो. शेवटी जाड जोडी मला बारीक जोडीच्या भावात मिळाली, आणि कोथिंबीर म्हणून स्प्रिंगेखालची रबरे. भंगारवाल्याने स्वतः उठून, स्वतःच्या हाताने त्या स्प्रिंगा डिकीत ठेवल्या आणि वर म्हणाला, “परत येजा भाऊ.” माझ्याशी भाव करून झाल्यावर आजवर मला कोणी परत ये म्हटलेले नाही.

परतीचा रस्ता लांबचा. या रस्त्यावर जवाई काय काय बोलला ते मी मुद्दाम लिहून ठेवतो. कारखान्यातला नवा साहेब कसा कडक आहे ते बोलला. ताडोब्याकडच्या एका गावात वाघ गोठ्यात कसा शिरला ते बोलला. चंद्रपूरच्या बाहेर चहाला थांबलो तेव्हा चहात साखर जास्त आहे हेही बोलला. मी खुशीत होतो. म्हटले, “कसा भाव केला, पाह्यलं न?”

“हो जी,” तो म्हणाला. “भाव मस्त केला.”

पुढच्या रविवारी मी अंगणात गाडी घेतली. आमच्याकडे कोणी अंगणात पाना-पेंचिस काढून बसला की गावात दवंडी द्यावी लागत नाही. शेजारचे म्हातारे बाज घेऊन आले. त्यांनी जन्मभर खासर हाकले आहे आणि चाके असलेल्या कोणत्याही वस्तूवर त्यांचा हक्क आहे. जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली गेला. माती मऊ होती. घरातला जुना जात्याचा दगड आणून त्याच्याखाली घातला. गाडीच्या चौकटीखाली सागाचे दोन ओंडके दिले, कारण एकट्या जॅकवर जीव ठेवण्याइतका मी कंजूष नाही.

“अवो,” बायको ओसरीवरून म्हणाली, “खाली जाऊन राह्यले तं भट्टीच्या किल्ल्या देऊन जा.”

जुने नट गंजले होते. त्यांना रॉकेल पाजले, समजावले, हातोडीने दम दिला. शेवटी बोअरचा जुना पाइप पान्यात अडकवला आणि मी व भट्टीवरचा मुरमुरे भाजणारा गडी असे दोघे त्यावर लोंबकळलो. नट असा ओरडून सुटला की बाजेवरचे म्हातारे उठून बसले. जुन्या स्प्रिंगा हाताने निघाल्या. त्यांच्यात काही उरलेच नव्हते. नव्या मात्र बसेनात. जागेपेक्षा त्या उंच होत्या. मागचा आस खाली दाबून, गड्याला त्यावर उभे करून, लाकडाने ढकलून मी त्या एकेक करून आत घातल्या. बसल्या. भंगारवाला खोटे बोलला नव्हता.

शॉकप आवळले, चाके लावली, ओंडके काढले आणि जॅक उतरवला. जॅक उतरला, गाडी उतरली नाही. पुढची बाजू होती तिथे होती, आणि मागची बाजू हवेत. बैल सोडल्यावर खासर जसे पुढची धुरा जमिनीला टेकून आणि बूड वर करून उभे राहते, हुबेहूब तशी माझी गाडी उभी राहिली.

“धुरा टेकली बापा,” म्हातारे म्हणाले. “बैल कुठी सोडले?”

मी म्हणालो की नवे आहे, चालवल्यावर बसेल. बायकोला मागे बसवून गावाबाहेर चक्कर मारली. पहिल्याच खड्ड्यात गाडीने मागच्या पायांनी लाथ झाडली. वेसण न पाहिलेला गोऱ्हा जशी झाडतो तशी. घरी येईपर्यंत बायको दोन्ही हातांनी छत धरून बसली होती, जणू तेच खाली पडणार आहे. आई दारातच उभी होती.

“ही गाडी हाय का कोंबडा?” ती म्हणाली.

शिवरात्र जवळ आली होती. स्प्रिंगेला वजन पाहिजे हे माझ्या लक्षात आले, म्हणून मी मागच्या सीटवर, डिकीत, काचेपर्यंत मुरमुऱ्यांची पोती कोंबली. गाडी भरली, आरशातून मागचे काही दिसेना, आणि बूड मात्र एक बोटही खाली आले नाही. आयुष्यभर मी हलके विकून मोठा झालो आणि त्या दिवशी माझाच माल माझ्या कामाला आला नाही. पोती काढली. त्या जागी धानाची दोन पोती टाकली. गाडीने सुस्कारा सोडला आणि बूड खाली घेतले. पुन्हा चक्कर मारली. काय सांगू! त्याच खड्ड्यांवरून गाडी अशी गेली की मी आरशात पाहिले, खड्डे मागे राहिले आहेत की कोणी बुजवले. स्प्रिंगा खोट्या नव्हत्या. फक्त त्यांना त्यांच्या तोलाचा माल पाहिजे होता.

पण धानाची पोती मागे टाकून आईला देवाला कसे न्यायचे? वजन पाहिजे, ते माणसाच्या रूपात पाहिजे. मी घरात नजर फिरवली. मी तुरीच्या काडीसारखा. बायको माझ्याहून हलकी. बहीण आमच्याच वाणाची. सगळ्या नात्यागोत्यात दोन पोत्यांच्या तोलाचा एकच माणूस होता, आणि आई ज्याच्या गाडीतून जाणार होती तोच तो.

मी बहिणीला फोन केला. म्हटले, दोन गाड्या कशाला, यात्रेत उभ्या करायला जागा नसते, सगळे माझ्याच गाडीत जाऊ. मागून जवायाचा आवाज आला, “बरं जी.” इतक्या लवकर तो कबूल झाला तेव्हाच मला समजायला हवे होते. पण गरजू माणूस कोथिंबिरीला नाही म्हणत नाही.

उरला बसण्याचा प्रश्न. जवाई गाडीत असला की पुढची सीट त्याची, हा मान आहे. पुढे बसला तर माझ्या मागच्या स्प्रिंगांना त्याचा काय उपयोग? शिवरात्रीच्या सकाळी तो सवयीने पुढच्या दाराकडे वळला. मी त्याच्या आधी आईला तिथे नेले.

“माय, तू पुढं बस. मागून देवळाचा कळस दिसत नाई.”

“मी? पुढं?” आईने काचेकडे पाहिले, मग जवायाकडे. “जवाई मागं बसतीन का? लोक काय म्हनतीन?”

“बसतो जी मी मागं,” जवाई म्हणाला. “मले काई नाई.”

तो बसला. गाडी खाली गेली. त्याच्या दोन्ही बाजूंना माझी बायको आणि बहीण, पुस्तकात ठेवलेल्या पिंपळाच्या पानांसारख्या. आणि गाडी चालली. अशी चालली की जवाई मध्येच घोरू लागला. वैनगंगेच्या पुलावर आईने पुढच्या फळीवरचा हात पहिल्यांदा सोडला. नदी आधी तिला दिसली, मग आम्हाला. पुलाच्या टोकापर्यंत ती पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आता बरी चालून राह्यली.”

“पान्यासारखी?” मी विचारले.

“पान्यासारखी नाई म्हनत मी,” आई म्हणाली. “बरी.”

भाव करण्याची कला माझ्यात कुठून आली ते यावरून कळावे. पण मला तेवढे पुरे होते. दूरवर कळस दिसला तेव्हा तिने हात जोडले, आणि तो गाडीत सगळ्यांच्या आधी तिला दिसला.

दर्शन झाले. गर्दीतून बाहेर येऊन झाडाखाली आम्ही उपासाचा साबुदाणा खाल्ला. आई मोठ्या कौतुकाने जवायाला सांगत होती की पोराने गाडी कशी घरीच नीट केली. मी नम्रपणे दुसरीकडे पाहत होतो. जवायाने खर्ऱ्याची पुडी सोडली, आणि अगदी सहज म्हणाला,

“हो जी माय. त्या स्प्रिंगा माल वाहाच्या गाडीच्या हायेत न. मागं वजन असलं का झकास चालते. नसलं का उडते.”

आई थांबली. “तुमाले कसं मालूम?”

“आमच्या कारखान्यात हायेत न तशा गाड्या. मी घुग्घुसलेच वळखल्या.”

मी त्या झाडाखाली उभा राहिलो. डोक्यात मुरमुऱ्याची कढई तापत होती. पण समोर जवाई, बाजूला देऊळ, आणि पोटात उपास. मी जमेल तितक्या हळू म्हणालो, “मंग बोल्ले काऊन नाई?”

“भाव चालू होता न भाऊ,” तो म्हणाला. “तुमीच सांगतलं होतं, तोंड उघडाचं नाई. म्हून खर्रा घातला.”

आई हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, ठसका लागेपर्यंत हसली. बहीण हसली, बायको पदर तोंडात धरून हसली. बाजूला बसलेल्या एका अनोळखी कुटुंबाला आमचा विषयही माहीत नव्हता, तेही हसले. मी बोलायला तोंड उघडले तेवढ्यात आईने हात वर केला. “देवाच्या दारात जवायाले बोलशील तं माही शपथ हाय. आता बी नाई अन् मंग बी नाई.”

आणि एवढे करून तो थांबला का? नाही. निघताना म्हणाला की चामोर्शीला त्याची बहीण आहे, आम्ही दोघे आता तिकडेच मुक्काम करतो. म्हणजे माझी दोन पोती तिथेच उतरली. त्याचा भाचा आपली गाडी घेऊन आला होता. तो आईला म्हणाला, “आजी, मी सोडून देतो घरी. आरामात जाशीन.”

आईने त्याच्या गाडीकडे पाहिले. मग आमच्या गाडीकडे पाहिले. ती बूड वर करून गर्दीत उभी होती, लांबूनही ओळखू येत होती. “नाई रे बाबू,” ती म्हणाली. “मी येतानी पुढं बसली, जातानी बी पुढंच बसीन.” मग माझ्याकडे वळली. “पन तू मागं काई तरी टाक.”

काय टाकणार? नदीची वाळू भरावी तर रस्त्यात तलाठी भेटणार. नदीकाठी एक बाई टरबुजांचा ढीग लावून बसली होती. मी एकेक हातात घेऊन वजनदार तेवढी बाजूला काढू लागलो.

“भाऊ, खासर घेऊन आले काय?” ती म्हणाली.

मी तोंड कडू केले, उठून निघालो, हाकेवर परत आलो. आई आणि बायको ओठ मिटून शेजारी उभ्या होत्या. भाव ठरला. मी पैसे काढायला खिशात हात घातला तेव्हा आई म्हणाली,

“भाव झाला न? आता बोलू का?”

“बोल.”

“टरबूज कच्चे हायेत.”

कच्चे म्हणून मी आणखी भाव पाडला आणि सगळी टरबुजे मागे भरली, कारण मला खायची नव्हती, न्यायची होती. माझी आई आपल्या पोराच्या गाडीत, पुढच्या सीटवर, समोर बघत घरी आली. कुठेही आदळली नाही. उतरताना तिने गाडीच्या टपावर, बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी थाप मारली. त्याबद्दल मला कोणाशी काही भांडायचे नाही.

भांडायचे आहे ते वेगळ्या गोष्टीवर. नियम माझा आहे, मला तो पाठ आहे. भाव चालू असताना बोलायचे नाही. भाव झाल्यावर बोलायचे नाही असा नियम मी कधी केलेला नाही. माझी आई शाळेत गेलेली नाही, तरी तिला एवढा फरक कळला. भाव झाल्या झाल्या तिने विचारून तोंड उघडले. जवाई, तुम्ही घुग्घुसपासून माझ्या दारापर्यंत आलात. रस्ताभर साहेब बोललात, वाघ बोललात, चहातली साखर बोललात. स्प्रिंगा तुमच्याच डिकीत खडखडत होत्या. तेव्हा तोंडात खर्राही नव्हता, मी पाहिले आहे. तिथून त्या परत करता आल्या असत्या.

मी शपथेत अडकलो आहे, म्हणून विचारू शकत नाही. माझ्या बहिणीने हे त्यांना वाचून दाखवावे, आणि त्यांनी ‘बरं जी’ न म्हणता, माझ्या आईसमोर बसून उत्तर द्यावे: भाव झाल्यावर तुम्ही काऊन गप होते?